घरात अल्झायमरचं निदान झालं तर: आधी काय, मग काय

नानांनी, माझ्या वडिलांनी, वर्तुळ अगदी गोल काढलं. मिलच्या टाइम ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, घड्याळ म्हटल्यावर हात आपोआप चालला. मग आकडे घालायला घेतले. बारा, एक, दोन, तीन नीट बसले आणि चारपासून अकरापर्यंतचे सगळे उजव्याच बाजूला, खाली दाटीवाटीनं कोंबले. डावी अर्धी तबकडी कोरी. डॉक्टर म्हणाले, "अब इसमें ग्यारह बजकर दस मिनट दिखाइए." नानांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तूच दाखव. माझा चष्मा बरोबर नाहीये."

त्या कागदानंतर निदान पक्कं व्हायला दोन महिने गेले. पुढच्या वर्षभरात काही कामं आम्ही वेळेत केली, काही हातची घालवली. इंदुरात माझ्या सुदामा नगरातून आई-नानांच्या लोकमान्य नगरला रोज चकरा मारत जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते. क्रमाला महत्त्व आहे, कारण आज नाना "हो" किंवा "नाही" स्वतः म्हणू शकतात. ते थांबलं की त्यांच्या वतीनं आपण नुसते अंदाज बांधत बसतो.

शिक्का बसण्याआधी

विसरणं म्हणजे अल्झायमर, असं नाही. बी-१२ कमी असलं तरी माणूस विसरतो, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते कमी असणं काही नवं नाही. थायरॉइड मंदावलेलं, सोडियम उतरलेलं, साखर वरखाली, मनात खोल बसलेली उदासी, किंवा महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, ही सगळी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. त्यातली बरीचशी उपचारानं सुधारतात. म्हणून रक्ततपासण्या आणि मेंदूचं स्कॅन. नानांचं बी-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनांनी त्यांचा थकवा गेला, विसरणं मात्र तसंच राहिलं.

घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, दुकानदाराकडून न विचारता आणलेल्यासुद्धा. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात नेतात. ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का, हेही तपासून घ्या. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार?

जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. "हल्ली फार विसरतात" या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. "मंगळवारी दूधवाल्याला दोनदा पैसे दिले", "राजवाड्याहून घरी येताना भलत्याच टेम्पोत बसले", "नातीचं नाव आठवलं, पण तिचं लग्न झालंय हे नाही" असं तारखेसकट लिहा. कधीपासून, हळूहळू की एकदम, हे वर लिहा. आणि ते पान आत जाण्याआधी डॉक्टरांच्या हाती द्या. बापाच्या तोंडावर बापाच्या चुका मोजून दाखवायची वेळ येत नाही.

इंदूरकर मराठी माणसासाठी एक वेगळी गोष्ट. चाचणी कुठल्या भाषेत होते ते बघा. आमची पहिली भेट राखीपौर्णिमेनंतर चार दिवसांनी होती. तरुण डॉक्टरांनी महिना विचारला, नाना म्हणाले "श्रावण", आणि डॉक्टर म्हणाले, "दादाजी, भादों लग गया." आता आपला महिना अमावस्येला संपतो, मालव्यातला पौर्णिमेला. आमच्या घरी श्रावण वद्य चालू होतं, त्यांच्याकडे भादों लागलेला. नानांचं उत्तर बरोबर होतं. मी सांगितल्यावर त्यांनी हसून दुरुस्त केलं, पण मी नसते तर? ही चाचणी साधारण ३० गुणांची असते, त्यात एकेक गुण मोलाचा, आणि शिक्षण किती झालं यावरही गुण हलतात. शंभरातून सात-सात वजा करताना नाना हिंदीत अडखळले, मराठीत दोन पायऱ्या पुढे गेले. तेव्हा माणूस ज्या भाषेत मनातल्या मनात हिशेब करतो त्या भाषेत विचारा, असा आग्रह धरा. वाटल्यास दुभाषी व्हा, फक्त उत्तर सुचवू नका.

उलटीकडून फसू नका, हेही सांगते. नाना आजही दिडकी आणि औटकी घडाघडा म्हणतात. आई प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवायची: "बघा, कुठे काय झालंय?" पण पाढे ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ठेव. हा आजार आधी मेंदूच्या त्या भागाला धरतो जिथे नव्या गोष्टींची नोंद होते. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका रुग्ण बाईच्या मेंदूत प्रथिनांच्या गाठी आणि गुंते दाखवले, तेच हे दुखणं. नंतरच्या डॉक्टरांनी मला एका वाक्यात समजावलं: ते विसरत नाहीत, नोंदच होत नाही. मी घरी येऊन आईला नानांच्याच भाषेत सांगितलं. हजेरीच्या कार्डावर पंचच पडला नाही, तर रजिस्टरात शोधून काय सापडणार? त्या दिवसापासून आईचं "अहो, आत्ताच तर सांगितलं ना!" निम्म्यावर आलं.

सरकारी सोय हवी तर इंदुरात एम.वाय. रुग्णालय आहे, सरकारी सुपर स्पेशालिटी आहे. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघंही निदान करू शकतात. अल्झायमरसाठीचं खास पीईटी स्कॅन किंवा पाठीच्या मणक्यातल्या पाण्याची तपासणी प्रत्येकाला लागत नाही. निदानाबद्दल शंका असेल किंवा नवी इंजेक्शनं द्यायचा विचार असेल तरच.

त्यांना सांगायचं का?

आमच्याकडे कुजबूज सुरू झाली. काका म्हणाले, नाव काढू नका, खचतील. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्याला काहीतरी होतंय हे माणसाला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. लपवलं की तो एकटा पडतो. दवाखान्याच्या गलियाऱ्यात नाही, घरी, सकाळी, पोहे झाल्यावर सांगितलं. "नाना, मेंदूचा एक आजार आहे. अल्झायमर म्हणतात. त्यामुळे नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. हळूहळू वाढतो. औषध सुरू करतोय, आणि आम्ही इथेच आहोत." ते बराच वेळ जीरावन मसाल्याची बाटली फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी वेडा होणार?" "नाही. विसराळू व्हाल. राग आला तर रागवाल." "ते तर मी आधीपासूनच आहे."

एकदा सांगितलं की पुरे. ते विसरले तर दर आठवड्याला तीच वाईट बातमी नव्यानं देऊ नका. आणि एखाद्यानं स्पष्ट सांगितलं की मला काही ऐकायचं नाही, तर तेही माना. म्हातारचळ, वेड, "सठिया गए" हे शब्द मात्र घरात चालवून घेऊ नका, मुलांकडूनही नाही.

बाहेरगावच्या भावाचं वेगळं प्रकरण. "माझ्याशी तर फोनवर छान बोलतात!" बोलणारच, पाच मिनिटं सांभाळून बोलता येतं. त्याच्याशी वाद घालू नका. आईला माहेरी पाठवा आणि त्याला आठ दिवस एकट्याला बोलवा. आमचा पुण्याहून आला, तिसऱ्या रात्री त्याचा फोन आला, आणि नंतर खर्चाचा निम्मा वाटा न मागता येऊ लागला.

सही चालते तोवर

इथे आम्ही उशीर केला, म्हणून इथे जरा थांबते.

बहुतेक घरांत पहिला सल्ला मिळतो: मुखत्यारपत्र करून घ्या. करा, पण त्याच्यावर विसंबू नका. भारतीय करार कायद्याप्रमाणे, अधिकार देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. त्यापेक्षा आधी बँक. खातं संयुक्त करून "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी सूचना लिहून घ्या, प्रत्येक ठेवीला, विम्याला, डिमॅटला नॉमिनी लावा. लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे सहसा वारस नव्हे. तो पैसे घेणारा, मालक ठरतो मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं.

नानांची एक ठेव एकट्याच्या नावावर राहून गेली. मुदत संपली तेव्हा त्यांची सही जुन्या सहीशी जुळेना, "ग" चा काना भलतीकडेच जायचा. त्या बँकेनं तीन चकरा मारायला लावल्या. चौथ्यांदा कुणीतरी सांगितलं की आजारी, वृद्ध खातेदार सही करू शकत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. पण हेही अडचण फक्त हाताची आहे तोवर. आपण काय करतोय हे कळणं गेलं की अंगठ्यालाही अर्थ नाही. मग हायकोर्टात पालक नेमून घ्यायचा रस्ता उरतो. खंडपीठ इंदुरातच आहे, पण वकील, वेळ, मेडिकल बोर्ड, सगळं आलं.

मृत्युपत्र करायचं असेल तर निदानानंतरही करता येतं, त्या दिवशी समज शाबूत असली तर. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. त्याच आठवड्याचं डॉक्टरांचं पत्र जोडा की यांना आपली मालमत्ता, आपली माणसं आणि कागदाचा अर्थ कळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. सकाळची वेळ घ्या. आमचे नाना अकरा वाजता उपपंजीयक (सब-रजिस्ट्रार) कार्यालयात चोख होते, चार वाजता नसते.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, तेवढं एकदा शिकून ठेवा. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माणसाला आपला प्रतिनिधी आधीच लेखी नेमता येतो, आणि उपचार कसे हवेत, कसे नकोत हेही लिहून ठेवता येतं.

कागदांपेक्षा मला नंतर जास्त उपयोगी पडलं ते वहीचं एक पान. एका रविवारी मी नानांना एकेक विचारत गेले आणि त्यांच्या शब्दांत उतरवून घेतलं. कुठे राहायचं? "इथेच. पुण्याला नेऊ नका, तिथे मला कोणी ओळखत नाही." अंघोळ कोणी घातलेली चालेल? "पुरुष माणूस. तू नाही." खाणं बंद झालं तर नळी? बराच वेळ गेला. "नको. पण तुझ्या आईला विचारा." आणि न विचारता स्वतःच: "मिशी ठेवायची. दाढी कोणीही करो." आता दाढी करायला मुलगा येतो. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "मूँछ भी साफ कर दूँ? आसान पड़ेगा." नाना काहीच बोलले नाहीत. पान उघडायचीही गरज पडली नाही.

औषधाकडून काय मागायचं

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन हा एक गट, आणि मधल्या-पुढच्या टप्प्यावर मेमँटीन. आजार थांबत नाही. काही जणांत लक्ष, बोलणं, रोजची कामं काही काळ टिकून राहतात. डोनेपेझिल सहसा ५ मिलिग्रॅमनं सुरू होतं आणि चार-सहा आठवड्यांनी १० वर नेतात. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी करून घ्या. भयंकर स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी द्यायची का ते विचारा. आमच्याकडे तेवढ्यानं भागलं. रिव्हास्टिग्मिनची चिकटपट्टीही मिळते.

लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या नातेवाईक पाठवतील. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचलंय हे सिद्ध झाल्यावरच. आजाराचा वेग थोडा कमी होतो, गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वरचेवर एमआरआय लागतात. ब्राह्मी, शंखपुष्पी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या. आणि चिडचिड वाढली म्हणून "शांत करणारी" गोळी कोणी सहज लिहून दिली तर दोनदा विचारा. या रुग्णांत त्या जातीच्या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; फारच गरज असेल तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस.

रक्तदाब, साखर, रोजचं चालणं, कानाचं यंत्र, चष्मा. हे गोळीइतकंच औषध समजा.

घर आणि दिवेलागण

घर बदलू नका, फक्त धोके काढा. गॅसचा रेग्युलेटर स्वयंपाक झाला की बंद. पायपुसणी उचला. काळी सतरंजी त्यांना खड्डा वाटू शकते, ती गुंडाळा. रात्री संडासचा दिवा चालू आणि दार उघडं. खिशात दोनशे रुपये राहू द्या. रिकाम्या खिशाचा माणूस घाबरतो. मोठी रक्कम मात्र त्यांच्या फोनमधून जाणार नाही अशी मर्यादा घाला. "डिजिटल अरेस्ट"वाल्यांना असेच आवाज हवे असतात.

अवघड वेळ संध्याकाळची. साडेपाचच्या सुमारास नाना उठतात, डबा शोधतात. "भोंगा झाला. मी निघतो." सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो: मिल बंद पडून तीस वर्षं झाली. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे कोसळायचे. आता आई म्हणते, "डबा भरतेय, तोवर चहा घ्या." चहा होतो, कोण किती वाजता यायचं ते सांगून होतं, भोंगा विसरला जातो. उजेड जायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावतो, टीव्हीवरच्या बातम्या बंद, आणि दुपारी एक चक्कर चालवून आणतो. एका वेळी एकच सूचना. "काय घालता?" नाही, "पांढरा सदरा की निळा?"

"पैसे बाईनं चोरले" हे कधी ना कधी येणारच. बाईला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा, नाहीतर चांगली बाई जाईल. वाद न घालता "चला, शोधू" म्हणायचं. तसंच दुसरं पाकीट आम्ही घेऊन ठेवलंय, ते दर वेळी कपाटामागे सापडतं.

ते एकदा बाहेर पडणार हे गृहीत धरा. मनगटावर नाव आणि दोन फोन नंबर, मोबाइलमध्ये या महिन्यातला फोटो, कोपऱ्यावरचा चहावाला, किराणेवाला आणि चौकीदार यांना माहीत असलेलं. गेले तर वाट न बघता ११२, आणि शोध जुन्या रस्त्यांवर घ्या. नाना ई-रिक्षात बसून थेट मालवा मिल चौकात उतरले होते. रिक्षावाल्याला पैसेही बरोबर दिले होते.

एक खूण पक्की लक्षात ठेवा. हा आजार महिन्यांच्या चालीनं चालतो. एका-दोन दिवसांत माणूस एकदम गोंधळला, झोपाळला, नसलेलं दिसू लागलं, तर ते आजार वाढणं नव्हे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मेच्या उन्हात पाणी कमी पडणं, नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि आई

भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सातांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये छापून आलेला अंदाज आहे. त्यांच्यामागे एकेक बाई उभी असते, बहुधा सत्तरीची. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते भरती झाल्यावरचं, रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फुकट आहेत. दुसरा नंबर आईसाठी फ्रिजवर चिकटवलाय.

पण खरी मदत गुरुवारची. त्या दुपारी चार तास मी लोकमान्य नगरला असते आणि आई भजनी मंडळात. पहिले तीन गुरुवार ती दर अर्ध्या तासानं फोन करायची. चौथ्या गुरुवारी फोन आला नाही. संध्याकाळी शेजारणीबरोबर गजरा माळून परतली आणि दारातूनच म्हणाली, "दिवे लावलेस ना गं?"